पेशव्यांचे कर्ज आणि जाऊबाईंचा पगार

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘इतिहासातले काही’ लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी हसून नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे शिकावे असे फार मनात होते. पण घरची परिस्थिती तशी नव्हती. वाचनाची आवड मात्र सुटली नाही. दुपारची भांडी आवरली की वाचनालयातून आणलेले पुस्तक घेऊन बसते. तेव्हा हे लिहिणे विदुषीचे नाही, एका वाचणाऱ्या गृहिणीचे आहे, एवढे भगिनींनी आधीच ध्यानात ठेवावे.

विषय सुचला तो मात्र पुस्तकातून नव्हे. तो सुचला माझ्याच स्वयंपाकघरात.

गेल्या गणपतीला आमचे धाकटे दीर आणि जाऊबाई नेहमीप्रमाणे ठाण्याहून आल्या. दोघेही चांगल्या नोकरीत आहेत. आमच्या घरी यांचे लहानसे दुकान. दुकानात सहा महिन्यांत जे मिळते, ते त्या दोघांना एका महिन्यात मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. गौरीच्या आदल्या रात्री आम्ही दोघी मोदकांसाठी नारळ खवत बसलो होतो. बाकीची माणसे झोपली होती. जाऊबाई खवणीवरून हात न काढता म्हणाल्या, “ताई, एक विचारू का? तुमची भिशी लागली ना? सोसायटीच्या दुरुस्तीचे पैसे एकदम भरायचे आलेत. दोन-तीन महिन्यांसाठी दिलेत तर फार उपकार होतील.”

मला प्रथम खरेच वाटेना. भिशीचे चाळीस हजार माझ्याजवळ होते. ते मी थोरलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी राखून ठेवले होते. मी म्हटले, “अगं, तुम्हाला काय कमी आहे?” तशी ती एकदम रडवेली झाली. “ताई, सगळे हेच म्हणतात. म्हणून कोणाला सांगता येत नाही. येते तेवढे जाते. आम्ही श्रीमंत आहोत असे एक दिवससुद्धा वाटले नाही.”

मी पैसे दिले. पण मनात राग राहिला तो राहिलाच. एवढा पगार घेऊन माणसे माझ्या भिशीकडे कशी बघतात, हे कोडे काही सुटेना.

पुढे पौषात आपल्या मंडळाची सहल परशुरामला गेली. भरण्याच्या नाक्यावरून लोट्याच्या कारखान्यांवरून आपली गाडी गेली, ती सर्वांना आठवत असेलच. देवळातून वाशिष्ठीचे पात्र पाहत बसलो असता कोणीतरी ब्रह्मेंद्रस्वामींची गोष्ट काढली. हे स्वामी याच परशुरामाला राहत. सातारचे शाहू महाराज, कान्होजी आंग्रे, पेशवे अशी मोठमोठी माणसे त्यांना मानीत. आणि थोरले बाजीराव पेशवे त्यांच्याकडून कर्ज काढीत! माझे कान टवकारले. घरी येताच मी वाचनालयात जाऊन त्या काळावरची पुस्तके मागितली. द. ब. पारसनीस यांनी सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी स्वामींचे चरित्र पत्रांसह छापले आहे. त्यावरून पुढे पुष्कळांनी लिहिले आहे. जे वाचले आणि जे मला समजले, ते सांगते.

पेशव्यांचे घराणे आपल्या कोकणातले, श्रीवर्धनचे. बाजीरावांचे वडील बाळाजी विश्वनाथ हे आरंभी चिपळुणास मिठागरावर कारकून होते, असे सांगतात. परशुराम तिथून हाकेच्या अंतरावर. स्वामींची आणि या घराण्याची ओळख तेव्हापासूनची. पुढे १७२७ साली अंजनवेलच्या सिद्दी सातशी स्वामींचे बिनसले. एका हत्तीवरून तो तंटा झाला, आणि सिद्दीने परशुरामावर हल्ला करून देवस्थान लुटले. त्यापूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दीकडून देवस्थानाला मदतही झालेली होती. पण या प्रसंगानंतर स्वामींचे मन इथे लागेना. ते घाटावर साताऱ्याजवळ धावडशीस जाऊन राहिले, ते १७४५ मध्ये देह ठेवीपर्यंत. भक्तांकडून येणारा पैसा ते विहिरी, तळी, देवळे यांना लावीत, आणि उरलेला व्याजाने देत. त्यांच्या मोठ्या ऋणकोंत खुद्द पेशवे होते.

आता पेशव्यांचे उत्पन्न केवढे, ते पाहा. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून बादशहाच्या सनदा आणल्या. दक्षिणेच्या सहा सुभ्यांतून चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, आणि त्यावर शेकडा दहा सरदेशमुखी, असा हक्क मराठ्यांना मिळाला. १७२० मध्ये वडिलांमागे बाजीरावांना पेशवाई मिळाली. त्या वेळी त्यांचे वय सुमारे वीस वर्षांचे. पुढच्या वीस वर्षांत माळवा, गुजराथ, बुंदेलखंड इथपर्यंत मराठ्यांचे घोडे गेले. १७३७ मध्ये तर ते दिल्लीच्या वेशीवर पोचले. असा पराक्रमी पुरुष! आणि त्याने स्वामींना लिहिलेल्या एका पत्राचा आशय असा आहे की, मी कर्जाच्या नरकात पडलो आहे; सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून माझ्या कपाळाची कातडी झिजली.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. ज्याच्या नावाने दिल्ली दचकत होती, तो मनुष्य सावकारांच्या पाया पडत होता! मला जाऊबाईंचा खवणीवरचा हात आठवला.

मग हा पैसा जात होता कुठे? याचे उत्तर बाळाजी विश्वनाथांनी घालून दिलेल्या वाटणीत सापडते. सरदेशमुखी ही राजाचे वतन म्हणून वेगळी. चौथाईचे शंभर रुपये धरले, तर त्यातले २५ राजाची बाबती. ६ रुपये साहोत्रा म्हणून पंतसचिवांचे. ३ रुपये नाडगौंडा म्हणून राजाने ज्याला नेमून दिले असतील त्याचे. राहिलेले ६६ हा मोकासा; तो सरदारांना फौज ठेवण्यासाठी नेमून दिलेला. म्हणजे रुपया रयतेच्या घरातून निघण्यापूर्वीच त्याच्यावर दुसऱ्यांची नावे घातलेली असत.

बरे, ही चौथाई काही घरबसल्या येत नसे. जिथे मिळायची तिथे फौज घेऊन जावे लागे. फौज निघायची दसऱ्यानंतर. पण घोडी, दाणावैरण, शिलेदारांचा पगार यांची सोय त्याआधीच करायला हवी. ती सोय सावकाराकडून. स्वारीहून आलेला पैसा मागच्या कर्जाला आणि व्याजाला जाई, आणि पुढच्या स्वारीसाठी पुन्हा नवे कर्ज. पगार थकला की शिपाई धन्याच्या दारात धरणे धरून बसत. मुलूख वाढला म्हणून फौज वाढवावी लागली, आणि फौज वाढली म्हणून आणखी मुलूख हवा झाला. या फेऱ्यात हातात शिल्लक अशी राहायची कशी?

आणखी एक गोष्ट. १७३८ च्या आरंभी भोपाळजवळ कोंडीत सापडलेल्या निजामाने तह केला. त्यात माळव्याचा सुभा आणि बादशहाकडून ५० लाख रुपये मिळवून देण्याचे कबूल केले. ऐकायला केवढी रक्कम! पण कबुली म्हणजे रोकड नव्हे. पुढच्याच वर्षी नादिरशहाने दिल्ली लुटली, आणि त्यानंतर वर्षभरातच, १७४० मध्ये, नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीरावांचे देहावसान झाले. वयाची चाळिशीही पुरी झाली नव्हती.

कर्ज मात्र त्यांच्याबरोबर गेले नाही. ते नानासाहेबांकडे आले, नानासाहेबांकडून माधवरावांकडे. १७७२ मध्ये थेऊरला अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या माधवरावांनी कारभाऱ्यांना शेवटच्या ज्या इच्छा लिहून दिल्या, त्यांत राज्याचे कर्ज फेडावे हीसुद्धा होती. तीन पिढ्या पराक्रमाच्या, आणि तिन्हींच्या उशाशी सावकाराची वही!

जाऊबाईंना हे सारे मी फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, “ताई, थांबा, मीही माझ्या शंभर रुपयांची वाटणी करते.” दोन दिवसांनी त्यांनी लिहून पाठविली. घराच्या कर्जाचा हप्ता ३८. गाडीचा हप्ता १०. मुलाची शाळा आणि शिकवणी १४. किराणा, दूध, भाजी १४. सोसायटी, वीज, फोन ८. विमा ५. दोघांचे जाणे-येणे ५. झाले ९४. राहिलेल्या ६ रुपयांत दुखणेखुपणे, सणवार, लग्नातले आहेर आणि गणपतीला खेडला येणे. खाली त्यांनी लिहिले होते, “बाबती, साहोत्रा, मोकासा सगळे आहे, पेशव्यांना काही नाही.” मी हसले, पण ते वाचताना माझा निम्मा राग गेला.

उरलेला निम्मा राग जायला सासूबाईंची गोष्ट कारणी पडली.

आमचे मामंजी मुंबईला गिरणीत होते. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली निघाली. तेव्हापासून आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील किती माणसे त्या भोंग्यामागे गेली, याला गणती नाही. खेड तालुक्यात असे घर शोधावे लागेल की ज्यातला एकही पुरुष चाकरमानी नव्हता. मनिऑर्डर १८८० मध्ये टपालखात्याने सुरू केली, आणि आपल्या कोकणातल्या चुली तिच्यावर पेटू लागल्या. मामंजी लालबागला एका खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर राहत. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून एकाच वळकटीवर दिवसा एक आणि रात्री दुसरा झोपे. जेवण खानावळीत. तिथे त्यांना कोणी श्रीमंत म्हटले असते तर ते स्वतःच हसले असते.

पण शिमग्याला तेच मामंजी ट्रंक घेऊन वाडीत उतरले, की पोरे पाठीमागे धावत. इस्त्रीचा सदरा, पायात बूट, मुलांना खाऊ, सासूबाईंना लुगडे. पालखी दारात आली की नारळाबरोबर नोट ठेवीत. मनुष्य तोच, पगार तोच. लालबागला गरीब आणि वाडीत श्रीमंत. फरक एवढाच की शेजारी कोण उभे आहे. जाऊबाईंचे उलट झाले आहे. त्यांच्या इमारतीत खाली ज्या गाड्या उभ्या असतात त्यांत यांची सर्वांत लहान. मुलाच्या वर्गातली मुले सुट्टीत परदेशी जातात. दिवसरात्र त्यांच्यात वावरायचे, आणि खेडला येऊन राहायचे ते वर्षातले सात दिवस. त्या सात दिवसांत आम्ही त्यांना श्रीमंत म्हणतो. ते त्यांच्या कानात शिरावे कसे?

सासूबाईंना मी एकदा विचारले, “तुम्हाला कधी श्रीमंत असल्यासारखे वाटले का हो?” त्या ताबडतोब म्हणाल्या, “वाटायचे की! भात झोडून कणगी भरली की वाटायचे.” बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली ती कणगी आता माळ्यावर पडून आहे. “त्या भातावर कोणाचे नाव नसायचे,” त्या म्हणाल्या. “मनिऑर्डर यायची ती वाण्याची, मास्तरांच्या फीची आणि औषधाची. ती एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने द्यायची. पण कणगी माझी. ज्येष्ठात तळ दिसायला लागला की मात्र झोप लागत नसे.”

भगिनींनो, जुने दिवस चांगले होते असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. पावसाळ्यात मनिऑर्डर लांबली म्हणून सासूबाईंनी हातातली बांगडी गहाण टाकलेली आहे. ज्यांच्याकडे कणगी भरण्याइतकी जमीनच नव्हती, त्यांचे हाल विचारू नयेत. १९८२ च्या जानेवारीत गिरणीकामगारांचा मोठा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कितीएकांना ती नोकरी पुन्हा मिळाली नाही. मामंजी त्यांतलेच. वाडीतला श्रीमंत मनुष्य रिकामी ट्रंक घेऊन घरी आला. तेव्हा कमी पैशांत सुख असते, असे बोलणाऱ्याचे पोट बहुधा भरलेले असते. कमी पैसा म्हणजे कष्टच. माझे म्हणणे एवढेच की मिळकत आणि श्रीमंती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिळकत हातात येते ती कागदावर दिसते. श्रीमंती वाटते ती ज्या पैशावर दुसऱ्या कोणाचे नाव नाही, त्याच्या बळावर.

लालबाग-परळच्या बायकांची एक हकीकत इथे सांगण्याजोगी आहे. गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका दिवसभर राबत. पण वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांतच त्यांची कमाई बुडे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, आणि या बायकांना एकत्र करून बँकांकडून कमी व्याजाने कर्ज मिळवून दिले. चूल तीच, भाकऱ्या तेवढ्याच. पण व्याजातून सुटलेला रुपया बाईच्या स्वतःच्या पदराला बांधला जाऊ लागला. जे पेशव्यांच्या दरबारात जमले नाही, ते खानावळवाल्या बायकांनी करून दाखविले, असे मी म्हटले तर इतिहासकारांनी रागावू नये.

आता माझ्याविषयीचे एक कबूल करून हा लेख संपविते. पुस्तकात बाजीरावांच्या पत्रांबरोबर स्वामींचे तगादेही आहेत. त्यांचे पैसे थकले की ते पेशव्यांना चांगले खडसावीत. ते वाचताना मला प्रथम स्वामींची बाजू बरोबर वाटली. पैसा त्यांचा, मागणार नाहीत तर काय! मग ध्यानात आले की मीही दुसरे काय करीत होते? पैसे दिल्या दिवसापासून मी जाऊबाईंचे फोनवरचे फोटो बघायचे ते हिशेबाच्या डोळ्यांनी. लग्नात नवी साडी नेसली. एवढ्यात कुठून आली? मुलाच्या वाढदिवसाला हॉटेलात गेले. आणि माझे पैसे? तोंडाने बोलले नाही, पण मनातल्या मनात तगाद्याची किती पत्रे लिहिली याला हिशेब नाही. चाळीस हजार माझ्याजवळ होते तेव्हा मला श्रीमंत वाटत होते. दिल्यावर मी चाळीस हजारांनी नव्हे, त्याहून पुष्कळ गरीब झाले होते. माझ्या जाऊबाईकडे सरळ नजरेने बघण्याची ऐपतच गेली होती.

म्हणून संक्रांतीला मीच फोन केला आणि स्पष्ट बोलले. थोरलीची फी जूनमध्ये भरायची आहे, तोपर्यंत लागतील, असे सांगितले. आढेवेढे घेतले नाहीत. जाऊबाईही स्पष्ट बोलल्या. तीन हप्त्यांत तीस हजार आले, आणि फीच्या वेळी उरलेल्या दहा हजारांची सोय सासूबाईंनी केली. कशी, ते त्या सांगत नाहीत. त्यांची कणगी माळ्यावर गेली असली तरी तिचा तळ अजून कोणाला दिसलेला नाही! थोरली आता नर्सिंगला जात आहे.

जाऊबाईंनी आपल्या घरी एक नवी रीत सुरू केली आहे. पगार झाला की पहिले तीन रुपये, शंभरातले तीन, वेगळ्या खात्यात टाकतात. त्यावर ना हप्त्याचे नाव, ना शाळेचे. त्याला त्यांनी ‘कणगी’ असेच नाव दिले आहे. रक्कम अजून लहान आहे. पण परवा म्हणाल्या, “ताई, पगार वाढला तेव्हा जे वाटले नाही, ते या एवढ्याशा पैशांनी वाटते.” आपल्या मंडळाच्या भिशीतही असाच एक लहानसा वाटा दर महिन्याला बाजूला पडावा, अशी माझी सूचना आहे. कोणा भगिनीवर अडचण आली तर तो बिनव्याजी द्यावा, आणि दिल्यावर तिच्या साडीकडे कोणी बघू नये.

राहता राहिले ते दहा हजार. हा लेख मी जाऊबाईंना वाचून दाखविला आणि त्यांची परवानगी घेतली, कारण घरची गोष्ट चारचौघींत सांगायची तर विचारून सांगावी. त्या पुष्कळ हसल्या आणि म्हणाल्या, “छापा, खुशाल छापा. बाजीरावांबरोबर माझे नाव येते आहे, आणखी काय हवे! पण ताई, छापून आल्यावर आता ते दहा हजार द्यावेच लागतील.”

लेखात काही चुकले असेल तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे. चूकभूल द्यावी घ्यावी.

— मंडळाची एक सभासद, खेड